निशाणी पाच

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात एकतीस वर्षं काळा कोट झिजवल्यावर मला कायद्यातलं एकच कलम पक्कं समजलं, आणि ते कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही. दावा निशाणी पाचवर जिंकतात, नाहीतर हरतात. बाकी सगळा कागदाचा खर्च.

ज्यांनी कोर्टाची पायरी चढलेली नाही अशा पुण्यवान वाचकांसाठी सांगतो. वादपत्र ही निशाणी एक. त्याच्या मागोमाग जो तूर्तातूर्त मनाईचा अर्ज येतो, त्याला आमच्याकडे निशाणी पाच म्हणतात. मूळ भांडणाचा निकाल लागेपर्यंत बांध कोरू नये, भिंत पाडू नये, पाणी तोडू नये, एवढंच त्यात मागायचं. पण मूळ भांडणाचा निकाल नातवाच्या लग्नाच्या सुमारास लागतो. त्यामुळे बाररूममध्ये ‘दाव्याचं काय झालं?’ असं कोणी विचारत नाही. ‘पाचचं काय झालं?’ असं विचारतात. पाच मिळाला की अशील पेढे आणतो. फेटाळला की वकिलाचा फोन घेत नाही.

माझ्याकडे एक बाई होती. नवरा वारलेला, सामाईक विहिरीत चार आणे हिस्सा, दिरानं मोटरीची वायर तोडलेली. मी पाचचा अर्ज दिला. कोर्टानं तो फेटाळला आणि खाली एक वाक्य लिहिलं: प्रतिवादी जे काही करील ते दाव्याच्या निकालाच्या अधीन राहील. मी तिला समजावलं, “मावशी, घाबरू नका, शेवटी सगळं निकालावर आहे.” सतरा वर्षांनी निकाल लागला. पाळीनं पाणी घेण्याचा तिचा हक्क कोर्टानं मान्य केला, दिराचं वागणं बेकायदा ठरवलं, भाषा तर अशी की वाचून डोळ्यांत पाणी यावं. तेवढंच पाणी. विहीर दिरानं नवव्या वर्षीच बुजवून वर कोंबड्यांची शेड घातली होती, आणि बुजवलेली विहीर उकरून द्यावी अशी मागणी वादपत्रात नव्हती. वादपत्र मी लिहिलेलं होतं. ते असो.

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी महाराष्ट्रातल्या सत्तांतराचा निकाल दिला, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून ती विहीर आठवत होतो.

काय नव्हतं त्या निकालात? राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी बहुमत चाचणी बोलावली ती चूक. सरकारनं विश्वास गमावला असं मानायला त्यांच्यापुढे काही ठोस आधारच नव्हता, आणि पक्षातली भांडणं मिटवायला चाचणीचं हत्यार वापरता येत नाही. विधानसभाध्यक्षांनी भरत गोगावले यांना शिवसेनेचे प्रतोद म्हणून मान्यता दिली तीही बेकायदा, कारण प्रतोद नेमायचा तो राजकीय पक्षानं, विधिमंडळातल्या गटाला तो अधिकार नाही. शाबास. एवढं वाचून पान उलटावं तर पुढे कोंबड्यांची शेड. उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाता आपणहून राजीनामा देऊन गेले, सबब पूर्वस्थिती आणता येत नाही. आणि आमदारांच्या अपात्रतेचं? ते अध्यक्षांनी वाजवी मुदतीत बघावं.

न्यायमूर्तींच्या हेतूंवर मी बोलणार नाही. सनद अजून जपून ठेवली आहे आणि अवमानाचा कायदाही पाठ आहे. शिवाय मला त्यांच्या हेतूंत रस नाही. मला कॅलेंडरात रस आहे.

जून २०२२. शिवसेनेत एकनाथ शिंदे यांच्या गटानं बंड केलं, त्यातल्या सोळा आमदारांना अपात्र ठरवावं असे अर्ज आले, आणि उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी नोटिसा काढून २७ जूनच्या संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं. नियम सात दिवस सांगतो, यांनी दिले जेमतेम दोन. चूकच. बंडखोर गट उच्च न्यायालयाचा उंबरा न चढता थेट दिल्लीत गेला आणि २७ जूनला सुट्टीतल्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं उत्तराची मुदत १२ जुलैच्या सायंकाळी साडेपाचपर्यंत वाढवून दिली.

आता यात गैर काय, असं एखादा सरळ माणूस विचारील. पंधरा दिवस जास्त मिळाले तर आभाळ कोसळतं का? नेहमी कोसळत नाही, त्या वेळी कोसळत होतं. आणि कोसळू नये म्हणून याच न्यायालयानं तीस वर्षांपूर्वी टेकू लावून ठेवला होता. पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट १९८५ साली आलं. १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात न्यायालयानं ते उचलून धरताना हिशेब असा घातला: अध्यक्ष हे लवाद आहेत, त्यांच्या अंतिम निकालाची तपासणी न्यायालय करील, पण निकाल येण्याआधी, ‘ते आमच्या विरुद्ध जातील अशी भीती वाटते’ म्हणून कुणी धावत यायचं नाही. अपवाद ठेवला तो मधल्या टप्प्यावरच कुणाला अपात्र किंवा निलंबित केलं आणि त्याचे परिणाम पुसता येणार नाहीत असे असले तर. नोटिशीला उत्तर द्यायला दिवस कमी पडतात, हे त्या अपवादाच्या कुठल्या खणात बसतं ते मला सापडलेलं नाही.

बंडखोरांच्या हातात दुसरा निकाल होता, २०१६ चा नबाम रेबिया, अरुणाचलचा. अध्यक्षांना हटवण्याची नोटीस प्रलंबित असेल तर त्यांनी अपात्रतेचे अर्ज ऐकू नयेत, असं तो म्हणतो. म्हणजे पक्ष सोडणाऱ्यानं आधी अध्यक्षांविरुद्ध एक चिठ्ठी टाकायची आणि मग निवांत हॉटेल गाठायचं. सुरत, गुवाहाटी, कुठलंही. हा निकाल बरोबर की चूक याचीच शंका पुढे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींना आली आणि त्यांनी तो प्रश्न सात जणांच्या पीठाकडे धाडला. ज्या शिडीवरून चोर चढला ती पुरेशी मजबूत होती का, याची चौकशी आता मोठ्या सुताराकडे. (चोर हा शब्द उपमेपुरता. वकिलाला खुलासे करावे लागतात.)

पण खरी गंमत २९ जूनची. राज्यपालांनी ३० तारखेला बहुमत चाचणी लावली. शिवसेनेचे प्रतोद सुनील प्रभू न्यायालयात गेले. म्हणणं साधं होतं: ज्या सोळांचं मत धरायचं की नाही हेच ठरायचं आहे आणि ते तुम्हीच १२ जुलैवर ढकललं आहे, तर मतमोजणीही तोवर थांबवा. संध्याकाळी सुनावणी सुरू झाली, रात्री नऊच्या सुमारास हुकूम आला. चाचणीला स्थगिती नाही. चाचणीचा निकाल याचिकेच्या अंतिम निकालाच्या अधीन राहील.

मावशीचं वाक्य. जवळपास अक्षरशः.

दोन दिवसांत एकाच भांडणात दोन अर्ज. एकात उपाध्यक्षांचं घड्याळ थांबवलं, दुसऱ्यात राज्यपालांचं चालू ठेवलं. दोन्ही हुकूम तात्पुरते, दोन्ही दिसायला निरुपद्रवी, आणि दोन्ही मिळून एक सरकार गेलं. आमच्या दिवाणी कायद्यात मनाई देताना तीन गोष्टी तोलतात: प्रथमदर्शनी बाजू कुणाची, गैरसोय कुणाला जास्त, आणि भरून न निघणारं नुकसान कुणाचं. तालुक्याचा कनिष्ठ न्यायाधीशसुद्धा विहिरीच्या हुकमात या तिन्हींवर दोन दोन ओळी तरी लिहितो. पंधरा दिवस चाचणी थांबली असती तर राज्य बुडालं नसतं. सरकार गेल्यावर ते परत आणता येत नाही, हे मात्र पुढे खुद्द न्यायालयानंच लिहिलं. म्हणजे भरून न निघणारं नुकसान नेमकं कुठे होतं हे कळलं, फक्त दहा महिने उशिरा.

ठाकऱ्यांना मी सोडणार नाही. हुकूम आल्यावर त्यांनी त्याच रात्री फेसबुकवर राजीनामा जाहीर केला. राजीनामा हा मूळचा आमच्या महसुली दप्तरातला शब्द. शेतकरी जमीन सोडून द्यायचा तेव्हा ‘राजीनामा’ लिहून द्यायचा, आणि एकदा दिला की पुन्हा वहिवाट सांगायला यायचा नाही. हे कुठल्याही तलाठ्यानं त्यांना फुकट सांगितलं असतं. चाचणीत हरले असते तर कागद जिवंत राहिला असता. भावनेच्या भरात कागद मारला, आणि न्यायालयाला तेवढाच दरवाजा हवा होता की काय देव जाणे. तरीही एक प्रश्न उरतो. राज्यपालांनी बेकायदा बोलावलेल्या चाचणीच्या आदल्या रात्री, न्यायालयानं स्थगिती नाकारल्यावर दिलेला राजीनामा ‘आपणहून’ कसा? छातीवर बंदूक धरून लिहून घेतलेल्या कागदाला आम्ही खुशीखरेदी म्हणत नाही.

आणि हात बांधलेले आहेत म्हणावं, तर तेही खरं नाही. याच न्यायालयाचे हात हवे तेव्हा किती लांब होतात ते मी मोजून ठेवलं आहे.

२००३ साली उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्षाच्या तेरा आमदारांनी पक्ष सोडला. अध्यक्षांनी तो प्रश्न लोंबकळत ठेवला. खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत विधानसभेची मुदत संपत आलेली. फेब्रुवारी २००७ मध्ये न्यायालय म्हणालं, आता अध्यक्षांकडे परत पाठवण्यात अर्थ नाही, आणि तेराच्या तेरा स्वतः अपात्र ठरवले. राजेंद्रसिंह राणा खटला. २०२० मध्ये मणिपूरचे अध्यक्ष एका मंत्र्याच्या अपात्रतेवर बसून राहिले, तर न्यायालयानं आधी साधारण तीन महिन्यांची मर्यादा सांगितली, आणि तरीही हलले नाहीत तेव्हा त्या मंत्र्याचं मंत्रिपद काढून घेऊन विधानसभेत पाऊल टाकायलाही बंदी केली. संविधानातलं १४२ वं कलम, ‘संपूर्ण न्याय’ करण्याचं. खुद्द नबाम रेबियात तर अरुणाचलच्या सभागृहाचा काटा सात महिने मागे फिरवून बडतर्फ मुख्यमंत्री परत खुर्चीत बसवले होते. ते पुढे तीन दिवस टिकले ही गोष्ट वेगळी. राजीनामा दिला नव्हता म्हणून बसवता आले, असा फरक सांगतात. फरक आहे. पण जो हात सात महिने मागे जातो, तो एका रात्रीपुरता मागे जाताना लुळा पडावा हे नवलच.

सगळ्यांत झणझणीत उदाहरण चंडीगडचं. ३० जानेवारी २०२४ ला तिथे महापौराची निवडणूक झाली. निवडणूक अधिकाऱ्यानं आठ मतपत्रिकांवर स्वतः खुणा केल्या आणि त्या बाद ठरवून हरलेल्याला जिंकवलं, कॅमेऱ्यासमोर. २० फेब्रुवारीला, महाराष्ट्राचा निकाल देणाऱ्या त्याच सरन्यायाधीशांच्या पीठानं मतपत्रिका न्यायालयात मागवल्या, तपासल्या, आठही मतं वैध धरली आणि कुलदीप कुमार हे महापौर असल्याचं जाहीर करून टाकलं. एकवीस दिवस! वाचून मी खुर्चीत उठून बसलो. न्याय असा असतो. छत्तीस मतांच्या महापौरासाठी संविधानातलं सर्वांत मोठं हत्यार बाहेर निघालं. निघायलाच हवं होतं.

चंडीगडला महापौर मिळाला त्या दिवशी मुंबईत महापौर तर सोडाच, नगरसेवकही नव्हता.

तिथे दुसरी निशाणी पाच चालू होती. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर तर २०२० पासूनच प्रशासकाच्या ताब्यात. संविधानाचं २४३ यू कलम म्हणतं की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि नवी निवडणूक मुदत संपण्याआधी. इतकं सोपं कलम संविधानात शोधून सापडायचं नाही. पण आधी ओबीसी आरक्षणाचा वाद, मग एका सरकारनं वॉर्ड २२७ चे २३६ केले, दुसऱ्यानं आल्याबरोबर पुन्हा २२७, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हुकूम दिला: जैसे थे.

‘जैसे थे’ या दोन शब्दांवर एखाद्या भाषाशास्त्र्यानं प्रबंध लिहावा. शिवसेनेच्या खटल्यात जैसे थे करता येत नाही म्हणून एक बाजू हरली. पालिकांच्या खटल्यात जैसे थे केलं म्हणून सगळेच हरले. कारण मुदत संपलेल्या पालिकेचं जैसे थे म्हणजे काय? प्रशासक. पाच आठवड्यांसाठी दिलेला तो हुकूम तारखांवर तारखा खात राहिला. ७४ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प एका अधिकाऱ्यानं मांडायचा आणि त्यानंच मंजूर करायचा. माझा मुलगा भांडुपला राहतो. त्याच्या इमारतीपुढचं गटार तुंबलं तर तक्रार कुणाकडे करायची हे त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला म्हटलं, दिल्लीला कर. त्याला विनोद वाटला.

शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयानं चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका उरका असं सांगितलं, सप्टेंबरमध्ये राज्य निवडणूक आयोगाला झापून जानेवारी २०२६ अखेरची मुदत दिली, आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. झापणं ऐकायला बरं वाटलं. पण जैसे थेचं कुलूप ज्यानं घातलं, त्यानंच किल्ली एवढ्या उशिरा का शोधली, हे त्या झापण्यात कुठे नव्हतं.

कायद्याचा अर्थ लावणं म्हणतात ते याहून वेगळं काही असतं अशी माझी तरुणपणी समजूत होती. शब्द, स्वल्पविराम, विधिमंडळाचा उद्देश. तशी मोठी कामं झालीही आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यातल्याच रवी नाईक खटल्यात, १९९४ साली, न्यायालयानं सांगितलं की ‘स्वेच्छेनं पक्षसदस्यत्व सोडणं’ म्हणजे राजीनाम्याचा कागदच हवा असं नाही, वागण्यावरूनही ते दिसतं. केवढा धारदार अर्थ! मग २०१९ मध्ये त्याच गोव्यात काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी भाजपमध्ये ‘विलीनीकरण’ केलं आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ते मान्य केलं. मूळ पक्ष कुठे विलीन झाला, तो तर जागेवर उभा आहे, हा प्रश्न दोनतृतीयांशाच्या संख्येखाली गाडला गेला. वर्षभरानं सर्वोच्च न्यायालय महाराष्ट्राच्या निकालात ठणकावून सांगतं की राजकीय पक्ष वेगळा आणि विधिमंडळ पक्ष वेगळा. वाचणाऱ्यानं काय समजायचं? विद्यार्थ्यानं परीक्षेत काय लिहायचं? मी माझ्या ज्युनिअरला सांगतो, आधी तारीख विचार, मग अर्थ सांग.

तमिळनाडूच्या राज्यपालांनी दहा विधेयकं अडवली तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी १४२ खाली ती मंजूर झाल्याचं धरूनच टाकलं. नोव्हेंबरात राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर पाच न्यायमूर्ती म्हणाले, असं धरता येत नाही, आणि राज्यपालांना मुदतीही घालता येत नाहीत. यावर मी जास्त बोलत नाही. दोन खोल्यांचं एकच घर, एकीत दिवा लावतात, दुसरीत फ्यूज काढतात.

परत आमच्या विहिरीकडे. ‘वाजवी मुदत’ म्हणजे किती, ते निकालात लिहिलेलं नव्हतं. अध्यक्ष राहुल नार्वेकर हे स्वतः वकील, त्यांना ‘वाजवी’चा ताण माहीत. मे गेला, पावसाळा गेला, गणपती आले. सप्टेंबरमध्ये न्यायालय रागावलं, ऑक्टोबरात पुन्हा रागावलं, ३१ डिसेंबरची मुदत घातली, ती वाढवून १० जानेवारी २०२४ केली. त्या दिवशी नार्वेकरांनी तासाभराहून जास्त वाचन करून सांगितलं की खरी शिवसेना शिंद्यांची, कारण २०१८ ची पक्षघटना निवडणूक आयोगाच्या नोंदीत नाही, १९९९ ची आहे, आणि आमदार जास्त शिंद्यांकडे. अपात्र कोणीच नाही. ना इकडचा, ना तिकडचा. विधानसभेत कुणाचं बहुमत आहे एवढ्यावर आंधळेपणानं पक्ष ठरवू नका, असं न्यायालयानं आठ महिन्यांपूर्वीच लिहून दिलं होतं. लिहून दिलेलं बासनात राहिलं.

निवडणुकीतल्या निशाणीचंही तेच. सप्टेंबर २०२२ मध्ये घटनापीठानं निवडणूक आयोगाला थांबवायला नकार दिला, १७ फेब्रुवारी २०२३ ला धनुष्यबाण शिंद्यांकडे गेला. गावाकडे चिन्हाला निशाणीच म्हणतात. ही निशाणीही पहिल्याच फेरीत गेली.

नार्वेकरांच्या निकालाविरुद्ध ठाकरे गट पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आला. २२ जानेवारी २०२४ ला नोटीस निघाली. तेव्हा विधानसभेचे दहा महिने शिल्लक होते. राजेंद्रसिंह राणांच्या वेळी महिनेच मोजायचे उरले होते, तरी काम झालं होतं. इथे लोकसभा निवडणूक आली आणि गेली. मे-जूनची सुट्टी आली आणि गेली. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं, २३ ला मोजणी, आणि २६ नोव्हेंबर २०२४ ला चौदाव्या विधानसभेची मुदत संपली. त्या सभागृहातले सोळा सदस्य अपात्र होते की नव्हते हा प्रश्न तेव्हा बोर्डावरच होता.

सोळांपैकी एक मुख्यमंत्री होऊन गेले. एक लोकसभेवर गेले. काही हरले, बरेच पुन्हा निवडून आले. खानापूरचे अनिल बाबर जानेवारी २०२४ च्या शेवटच्या दिवशी वारले. आमच्या कोर्टात पक्षकार वारला तर नव्वद दिवसांत वारस लावून घ्यावे लागतात, नाहीतर दावा त्याच्यापुरता संपतो. खानापुरात ते काम मतदारांनी केलं. त्यांचे चिरंजीव आता विधानसभेत आहेत.